विश्लेषण : आयटीतला ‘स्वेच्छा राजीनामा’ खरोखर स्वेच्छेचा असतो का?

मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत लागलेला मुलगा म्हणजे घराची चिंता मिटली, हा मराठवाड्यातील मध्यमवर्गाचा गेल्या पंचवीस वर्षांतील विश्वास. २०२५ मधील घडामोडींनी तो हादरला. ‘बेंच’वर बसलेल्या अभियंत्याला राजीनामा मागितला जातो, तेव्हा कायदा त्याच्या बाजूने किती उभा राहतो, याचा हा आढावा.

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको बसस्थानकावर रविवारी संध्याकाळी पुण्याच्या गाड्यांना गर्दी असते. पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात घरच्या डब्याची पिशवी घेतलेली ही मुले-मुली सोमवारी सकाळी हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यात हजर व्हायची असतात. यांतील अनेकांचे वडील वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यांत राबले. ‘आम्ही मशीनवर उभे राहिलो, पोराने खुर्चीवर बसावे’ या इच्छेतून अभियांत्रिकीचे शुल्क भरले गेले, शैक्षणिक कर्ज काढले गेले. ती खुर्ची आता डळमळते आहे. आणि ती गेली तर कारखान्यातल्या वडिलांना जे संरक्षण ठाऊक होते, ते आपल्याला आहे की नाही, हेच यांतील बहुतेकांना माहीत नाही.

नेमके काय घडले?

देशातील सर्वांत मोठी माहिती तंत्रज्ञान सेवा कंपनी असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने (टीसीएस) जुलै २०२५ च्या अखेरीस जाहीर केले की, वर्षभरात जगभरातील सुमारे दोन टक्के कर्मचारी कमी केले जातील. जून २०२५ अखेर कंपनीत ६ लाख १३ हजार ६९ कर्मचारी होते. म्हणजे आकडा येतो सुमारे १२ हजार २६१. कपात मुख्यत्वे मधल्या आणि वरच्या फळीत होईल, असेही कंपनीने सांगितले. कारण कृत्रिम प्रज्ञेमुळे वाचलेली माणसे हे नसून, बदलत्या कामाशी न जुळणारी कौशल्ये आणि काहींना नव्या कामांवर नेमण्यात येणाऱ्या अडचणी हे आहे, असा खुलासा मुख्य कार्यकारी अधिकारी के. कृतिवासन यांनी केला.

त्यानंतरच्या सप्टेंबर तिमाहीत कंपनीची एकूण कर्मचारीसंख्या १९ हजार ७५५ ने घटून ५ लाख ९३ हजार ३१४ झाली. यात स्वतःहून नोकरी सोडून गेलेलेही आहेत. कंपनीने प्रत्यक्ष कमी केलेले कर्मचारी सुमारे एक टक्का, म्हणजे सहा हजारांच्या आसपास असल्याचे व्यवस्थापनाने सांगितले. या तिमाहीत पुनर्रचनेच्या खर्चापोटी १,१३५ कोटी रुपयांची तरतूदही दाखवण्यात आली. पुण्यातील ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेने मात्र एकट्या पुण्यात सुमारे अडीच हजार जणांना राजीनामा देण्यास भाग पाडल्याचा आरोप करत मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले. कंपनीने तो आरोप साफ फेटाळला. केंद्रीय कामगार मंत्रालयाने संघटनेची तक्रार राज्याच्या कामगार विभागाकडे पाठवली.

एकच घटना, दोन आकडे. या दोन आकड्यांमधली दरी एका शब्दाने भरलेली आहे : राजीनामा.

‘बेंच’ म्हणजे काय आणि तो एवढा का छळतो?

आयटी सेवा कंपन्या परदेशी ग्राहकांचे काम घेतात आणि त्या कामावर जितके कर्मचारी असतील त्या हिशेबाने पैसे आकारतात. ग्राहकाचे काम संपले की कर्मचारी पुढचे काम मिळेपर्यंत रिकामा असतो. त्यालाच ‘बेंचवर बसणे’ म्हणतात. पगार चालू असतो, पण त्याच्या नावाने कमाई होत नसते. पूर्वी बेंच हा कंपनीचा राखीव साठा समजला जाई. अचानक मोठे काम आले तर माणसे हाताशी हवीत, म्हणून कंपन्याच तो बाळगत.

१२ जून २०२५ पासून टीसीएसने लागू केलेल्या धोरणानुसार कर्मचाऱ्याने वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर असले पाहिजे आणि बेंचवरील काळ ३५ दिवसांपेक्षा जास्त असता कामा नये. आठवड्याला पाच दिवस धरले तर वर्षात कामाचे दिवस होतात साधारण २६०. म्हणजे २२५ आणि ३५ मिळून अख्खे वर्ष संपले. पस्तीस दिवसांत नवे काम शोधण्याची जबाबदारीही बव्हंशी कर्मचाऱ्यावर आली. व्यवसायातली जोखीम पूर्वी कंपनी उचलत होती, ती आता कर्मचाऱ्याच्या खांद्यावर सरकली, हा यातला खरा बदल.

अनुभवी कर्मचाऱ्याची अडचण अधिक मोठी. बारा-पंधरा वर्षे एकाच ग्राहकाच्या जुन्या प्रणालीवर काम केलेल्या माणसाला ते काम संपल्यावर नवे काम देताना त्याचा पगार आड येतो. त्याच कामासाठी दोन-तीन वर्षांच्या अनुभवाचा तरुण निम्म्याहून कमी खर्चात मिळतो. ज्या प्रणालीत कंपनीने त्याला गुंतवून ठेवले, तिच्यातले प्रावीण्य मग ‘कौशल्याचा अभाव’ ठरते. घराचे हप्ते, मुलांच्या शाळा आणि गावाकडच्या आई-वडिलांची औषधे सुरू असताना चाळिशीत ही वेळ येते.

संभाजीनगरशी याचा संबंध काय?

शहरात १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पुढे खासगी महाविद्यालयांची रांग लागली. मात्र शहराचा औद्योगिक पिंड कारखान्यांचा. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा आणि आता ऑरिकचे बिडकीन. वाहने, सुटे भाग, औषधे आणि बिअर यांसाठी हे शहर ओळखले जाते. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कचे केंद्र येथे आहे, चिकलठाण्यात आयटी पार्कही उभा राहिला. पण मोठ्या आयटी कंपन्यांनी येथे हजारोंच्या संख्येने नोकऱ्या आणल्या नाहीत. त्यामुळे संगणक शाखेचा पदवीधर तयार होतो येथे आणि कामाला लागतो सुमारे २३५ किलोमीटरवरच्या पुण्यात, नाहीतर बंगळुरू-हैदराबादला.

याचा एक परिणाम सहज दिसत नाही. वाळूजच्या कारखान्यात कपात झाली तर बजाजनगरात दुसऱ्या दिवशी चर्चा होते, संघटना गेटवर जमते, कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात निवेदन जाते. हिंजवडीत नोकरी गेलेला तरुण मात्र भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटा असतो. घरी कळू नये म्हणून तो सुटीच्या दिवशी गावी येतो, लॅपटॉप उघडून बसतो आणि ‘वर्क फ्रॉम होम आहे’ असे सांगतो. ‘टाटात लागला’ हे ज्या घराने अभिमानाने सांगितले, त्या घरात ‘टाटातून काढला’ हे वाक्य उच्चारणे अवघड जाते. या संकोचाचा फायदा व्यवस्थेला मिळतो. कारण जो बोलत नाही, त्याची नोंद होत नाही.

राजीनामा आणि कपात, कायद्यात फरक काय?

फरक जमीन-अस्मानाचा आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार, किमान वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करायची तर मालकाला तीन गोष्टी कराव्या लागत : एक महिन्याची कारणासह लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन, प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून आणि सरकारला सूचना. बारा वर्षे सेवा झाली असेल तर भरपाई होते १८० दिवसांची. शिवाय ‘शेवटी आला तो आधी गेला’ हे तत्त्व पाळणे अपेक्षित असे.

कर्मचाऱ्याने स्वतः राजीनामा दिला तर यातले काहीच लागू होत नाही. नोटीस त्यानेच द्यायची, भरपाईचा प्रश्न नाही, सरकारला कळवणे नाही. म्हणूनच मनुष्यबळ विभागाच्या बंद खोलीतील बैठकीत पहिली मागणी होते ती राजीनाम्याची. सोबत दोन पर्याय ठेवले जातात. राजीनामा दिला तर काही महिन्यांचा पगार आणि स्वच्छ अनुभवपत्र. नाही दिला तर सेवा समाप्ती आणि कागदावर डाग. आयटीत नवी नोकरी देताना मागच्या कंपनीकडून पडताळणी होते. त्यामुळे डागाची भीती पोकळ नसते. बहुतेक जण त्याच दिवशी सही करतात किंवा पोर्टलवर राजीनाम्याचे बटण दाबतात.

दबावाखाली घेतलेला राजीनामा कायद्याच्या नजरेत स्वेच्छेचा नसतो. पण दबाव होता हे सिद्ध करण्याचे ओझे कर्मचाऱ्यावर येते. बैठक तोंडी झालेली, फोन बाहेर ठेवायला सांगितलेला, ईमेलमध्ये ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे स्वतःच्याच हाताने लिहिलेले. मग पुरावा आणायचा कुठून?

आयटी कर्मचारी कायद्याने ‘कामगार’ आहे का?

याचे उत्तर पदनामावर नव्हे, तर प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपावर अवलंबून आहे. जुन्या कायद्यातील व्याख्येत शारीरिक, कुशल, तांत्रिक, कार्यचालनविषयक, लिपिकी किंवा पर्यवेक्षकीय काम करणारा कामगार ठरतो; व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय स्वरूपाचे काम करणारा ठरत नाही. पदाला दिलेल्या नावावरून नव्हे, तर मुख्यतः काय काम केले जाते यावरून निर्णय व्हावा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये एस. के. मैनी विरुद्ध कॅरोना साहू प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे दिवसभर कोड लिहिणारा, चाचण्या घेणारा किंवा सर्व्हर सांभाळणारा अभियंता ‘तांत्रिक’ काम करणारा कामगार असल्याचा दावा करू शकतो. तांत्रिक कामासाठी पगाराची कमाल मर्यादा नाही. ती मर्यादा केवळ पर्यवेक्षकांना आहे.

अडचण येते ती पदनामांच्या खैरातीमुळे. पाच-सहा वर्षांत ‘लीड’, आठ-दहा वर्षांत ‘मॅनेजर’. हाताखाली चार जण असतात, पण कुणाला नेमण्याचा, काढण्याचा किंवा रजा नाकारण्याचाही अंतिम अधिकार नसतो. पदोन्नतीचा आनंद साजरा करताना आपण कायद्याच्या छत्राखालून सरकत आहोत, हे लक्षात येत नाही. न्यायालयात तो मॅनेजर नसल्याचे त्यालाच सांगावे लागते.

नव्या कामगार संहितांनी काय बदलले?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. औद्योगिक संबंध संहितेतील कामगाराची व्याख्या जवळपास जुनीच आहे; पर्यवेक्षकांसाठी वेतनमर्यादा १० हजारांवरून १८ हजार रुपये झाली. कपातीसाठी एक महिन्याची नोटीस आणि प्रतिवर्षी १५ दिवसांचे वेतन हे सूत्र कायम राहिले. त्यात भर पडली ती पुनर्कौशल्य निधीची. कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात शेवटच्या वेतनानुसार १५ दिवसांची रक्कम ४५ दिवसांत जमा व्हावी, अशी तरतूद आहे. मात्र सेवासमाप्तीविरुद्ध वैयक्तिक दाद मागण्याची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली.

कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याची अट मात्र कारखाने, खाणी आणि मळ्यांपुरतीच आहे. तीही आता शंभराऐवजी ३०० कामगारांपासून पुढे. आयटी कंपनीत लाखो कर्मचारी असले तरी तिला ही अट लागत नाही. वडिलांच्या कारखान्याला जे दार ठोठवावे लागते, ते मुलाच्या कंपनीसाठी भिंतीतच नाही.

एक तरतूद मात्र सर्वांच्या उपयोगाची आहे. वेतन संहिता व्यवस्थापकांसह सर्व कर्मचाऱ्यांना लागू होते. काढले असो वा राजीनामा दिलेला असो, देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे, असे ती सांगते. ‘फुल अँड फायनल’साठी दीड-दोन महिने ताटकळणाऱ्या क्षेत्रात ही मोठी गोष्ट ठरू शकते, अर्थात अंमलबजावणी झाली तर.

नव्याने लागणाऱ्यांची व्यथा वेगळी कशी?

त्यांची नोकरी सुरू होण्याआधीच परीक्षा पाहते. कॅम्पसमध्ये निवड होते, ऑफर लेटर हाती येते, पेढे वाटले जातात आणि रुजू होण्याची तारीख पुढे पुढे जात राहते. २०२२ मध्ये निवड झालेल्या इन्फोसिसच्या काही उमेदवारांना रुजू व्हायला २०२४ उजाडले. त्यांतील तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या केंद्रातून घरी जावे लागले. अंतर्गत चाचणी तीन संधींतही उत्तीर्ण न झाल्याने, ठरलेल्या नियमानुसार ही कारवाई झाली, असे कंपनीचे म्हणणे. चाचण्या ऐनवेळी कठीण केल्या गेल्या, ही मुलांची तक्रार.

पगाराचीही एक गोष्ट आहे. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत नवोदिताचे वार्षिक वेतन दहा-बारा वर्षांपूर्वी तीन-सव्वातीन लाखांच्या घरात होते. आज सर्वसाधारण भरतीत ते साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळते. दरम्यान अभियांत्रिकीचे शुल्क, पुण्यातील खोलीचे भाडे आणि मेसचा दर कुठच्या कुठे गेला. हातात येणाऱ्या पंचवीस-सव्वीस हजारांतून भाडे, जेवण, प्रवास आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता गेला की उरते ते संभाजीनगरच्या तिकिटापुरते.

कामाचे तास कोण मोजते?

महाराष्ट्रात आयटी कार्यालये २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली येतात. त्यानुसार दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, जादा कामाला दुप्पट मोबदला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रोजची मर्यादा दहा तासांवर आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कागदावर हे असे. प्रत्यक्षात अमेरिकेतील ग्राहकाची सकाळ होते तेव्हा पुण्यात संध्याकाळ झालेली असते. दिवसाचे काम संपवून रात्री पुन्हा ‘कॉल’ घ्यावा लागतो. त्यात हिंजवडीच्या कोंडीतले तास वेगळेच. कारखान्यात पाळी संपली की भोंगा होतो, पंचिंग होते आणि जादा तास पगारपत्रकात दिसतात. आयटीत हजेरी काटेकोर मोजली जाते, जादा काम मात्र ‘जबाबदारी’ या सदरात जमा होते.

जुलै २०२४ मध्ये पुण्यातील एका बहुराष्ट्रीय लेखापरीक्षण कंपनीतील २६ वर्षांच्या सनदी लेखापालाच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. कंपनीने ताणाचा आरोप मान्य केला नाही. पण तपासणीला गेलेल्या कामगार विभागाला आढळले की त्या कार्यालयाची या कायद्याखाली नोंदणीच झालेली नव्हती. तास मोजणे दूरच, कार्यालय आहे याचीच नोंद नाही. असे असताना आठवड्याला ७० किंवा ९० तास काम करण्याचे सल्ले उद्योगजगतातून येत राहतात.

कंपन्यांच्या बाजूत तथ्य नाही का?

आहे. अमेरिका आणि युरोपातील ग्राहकांनी खर्च आखडता घेतला आहे. पूर्वी दहा जण करत असलेले चाचणीचे किंवा देखभालीचे काम नव्या साधनांनी कमी माणसांत होऊ लागले आहे. मागणी नसलेल्या कौशल्यावर कंपनीने कायम पगार देत राहावे, ही अपेक्षा कोणताही व्यवसाय पुरी करू शकणार नाही. टीसीएससारख्या कंपनीने लाखो घरांना पहिल्यांदा स्थैर्य दिले, मराठवाड्यातील पहिल्या पिढीच्या पदवीधरांना जग दाखवले, हेही खरेच. जाणाऱ्यांना नोटीस काळाचे वेतन, अतिरिक्त मोबदला आणि नवी नोकरी शोधण्यासाठी मदत दिल्याचे कंपनी सांगते.

प्रश्न कपात करावी की नाही हा नाहीच. ती करायची असेल तर कपात म्हणूनच करावी, एवढीच अपेक्षा आहे. निर्णय कंपनीचा आणि सही मात्र कर्मचाऱ्याची, ही पद्धत दोघांच्याही प्रतिष्ठेला शोभत नाही.

राजीनामा मागितला गेल्यास काय करावे?

पहिले म्हणजे त्याच बैठकीत सही करू नये. विचाराला वेळ मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. बैठक झाल्यावर तीत काय सांगितले गेले, याचा ईमेल संबंधितांना त्याच दिवशी पाठवावा. हाच पुढे सर्वांत मोठा पुरावा ठरतो. मूल्यमापनाचे अहवाल, नेमणूकपत्र आणि वेतनपावत्या यांच्या प्रती स्वतःकडे असाव्यात. ग्राहकाची किंवा कंपनीची गोपनीय माहिती मात्र उचलू नये, ते स्वतःवरच उलटते. राजीनामा द्यायचेच ठरले तर खोटे ‘वैयक्तिक कारण’ लिहू नये. ‘कंपनीच्या सूचनेनुसार’ असा उल्लेख करावा आणि मिळणारी रक्कम आधी लेखी घ्यावी. पाच वर्षे पूर्ण झाली असतील तर राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटीचा हक्क जात नाही.

तक्रार जेथे नोकरी आहे तेथील कामगार कार्यालयात करता येते. पुण्यातील कर्मचाऱ्यांसाठी ते पुण्याच्या कामगार आयुक्तालयात. संघटना करण्याचा अधिकार आयटी कर्मचाऱ्यांनाही आहे. तमिळनाडू सरकारने २०१६ मध्येच तसे स्पष्ट केले होते, कर्नाटकातही आयटी कर्मचाऱ्यांची नोंदणीकृत संघटना आहे.

पुढे काय?

सरकारला दोन गोष्टी लगेच करता येतील. ठरावीक काळात ठरावीक संख्येहून अधिक राजीनामे आले तर कंपनीने ते कामगार विभागाला कळवावे, असा नियम. आणि आयटीतील ‘मॅनेजर’ कुणाला म्हणायचे याचे स्पष्टीकरण. महाविद्यालयांनाही काम आहे. प्लेसमेंटचे फलक चौकाचौकात लावताना शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला नेमणूकपत्र कसे वाचायचे, नोटीस काळ आणि बाँड म्हणजे काय, हे शिकवायला दोन तास पुरेसे आहेत.

आणि एक काम घरातले आहे. वाळूजमध्ये तीस वर्षे काढलेल्या वडिलांना गेटसभा, वेतनकरार, मागणीपत्र हे शब्द तोंडपाठ असतात. मुलगा खुर्चीवर बसला म्हणून हे ज्ञान जुने झालेले नाही. सुटीला आलेला मुलगा तीन दिवस लॅपटॉपसमोर नुसताच बसलेला दिसला, तर त्याला काय झाले हे विचारणारे आणि पुढे काय करायचे हे सांगू शकणारे पहिले माणूस त्याच घरात असते. आधी त्याला बोलते करायला हवे.